कंपनीच्या भुईतली खूण

लिलाव आणखी एकदा पुढं गेला ही बातमी मालनला कळली तेव्हा तिच्या ओच्यात काजूच्या बिया होत्या आणि बोटं चिकानं काळी झाली होती.

होळीला अजून अवकाश होता, पण सड्यावरचा, त्या उघड्या पठारावरचा कातळ सकाळपासूनच तापायला लागायचा. म्हणून ती उजाडलं की कुंपणाच्या कडेनं काजू वेचत निघे. बोंड पिळायचं, बी ओच्यात टाकायची, बोंड मागं भिरकावायचं. कंबर धरली की आंब्याच्या लहान कलमाला हात टेकून उभी राहायची. खाली वाडीची कौलं, त्याच्याखाली माडांचे शेंडे आणि त्याच्याही पलीकडे पावस गावाच्या बाजूचा समुद्र, असं सगळं तिथून दिसे. हा समुद्र दिसतो म्हणूनच तर कंपनीनं सडा विकत घेतला होता. कंपनीचं नाव लांबलचक होतं. वाडीत तिला नुसतं कंपनी म्हणत. बंगल्यांच्या ओळी उठल्या, काहींवर स्लॅब पडला, काही जोत्यापर्यंतच राहिले, आणि एके दिवशी कंपनी बुडाली. कोर्टानं तिची मालमत्ता विकून ज्याचं त्याला वाटायला एक साहेब नेमले. त्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणतात. तिचा नवरा हरिश्चंद्र त्यांना 'इकणारे सायेब' म्हणे. पण विकणाऱ्या साहेबांच्या हातून अजून काही विकलं जात नव्हतं.

गेटावर स्कूटी थांबली. हरिश्चंद्रानं कुलूप काढलं. साहेबांच्या रत्नागिरीच्या ऑफिसातल्या श्रुती मॅडम हेल्मेट काढत आत आल्या.

"काका, नवी नोटीस लावायचीय. डिंक विसरले मी."

"सकाळची प्येज हाय. तिनं चिकटंल."

"पेजेनं?"

"मागच्या टायमाला पन पेजेनंच लावली होती. पावसात पन निघाली नाय ती, तुमीच फाडलीत."

मॅडम हसल्या. त्यांनी जुनी नोटीस नखानं खरवडली, हरिश्चंद्रानं पेज फासली, नवी नोटीस चिकटली.

"ह्या वेळंला काय झालं?" मालननं विचारलं.

"बोली लावायला कुणी आलंच नाही, काकी. मागच्या वेळी कोर्टाची सुनावणी आडवी आली होती, त्याआधी मोजणी. आता परत किंमत ठरवायची, परत जाहिरात."

मालननं ओचा घट्ट धरला. तिनं वर बघितलं नाही. बंगल्यांच्या तिसऱ्या ओळीतल्या कडेच्या बंगल्याकडेही बघितलं नाही.

कारण तिथं पोर्चाच्या भुईत तिनं नारळ पुरला होता.

हरिश्चंद्र आणि मालन मूळची संगमेश्वराकडची. एका पावसाळ्यात डोंगर खचला आणि घर मातीखाली गेलं. माणसं तेवढी बाहेर होती म्हणून राहिली. कुणाच्या तरी ओळखीनं हरिश्चंद्राला कंपनीची राखण मिळाली, गेटाशेजारची खोली मिळाली, आणि मालननं त्या खोलीमागं तीन चिरे मांडून चूल पेटवली. त्या दिवसापासून ती देवाचे उपकार मानत आली. गॅस होता, पण पेजेला चूलच लागे.

एकच गोष्ट तिला खुपत होती. शिमग्यात वाघजाईची पालखी वाडीतल्या घराघरात जाते. अंगणात पाटावर बसते, घरची बाई ओटी भरते, मानकरी गाऱ्हाणं घालतात. पालखी वाडीतल्या शेवटच्या, जनीच्या घरापर्यंत यायची आणि कंपनीच्या दगडी गडग्यापासून माघारी वळायची. गडग्याच्या आत ती कधीच आली नाही. आत वाडीतलं घर नव्हतं, कंपनी होती. जनी भली बाई. ती दर साल हाक मारायची, "मालने, ये गो, माज्या अंगणात भर ओटी." मालन ताट घेऊन जायची, जनीच्या घरच्यांचं सगळं झालं की मागं उभी राहून ओटी भरायची. एकदा मुंबईहून आलेल्या कुणीतरी विचारलं, "ही कुठली?" दुसरा म्हणाला, "वॉचमनची बायको." तेवढंच. पण त्या दिवशी परत येताना ताटातली हळद वाऱ्यानं उडाली ती तिला कळली नाही.

पुढं लिलावाची पहिली नोटीस लागली. आता ही जागा जाणार, आपण जाणार, आणि देवी आपल्या दारात न येताच सगळं आटपणार, हे तिच्या मनानं घेतलं. ह्या भागात पालखीनं खूण काढायची रीत आहे. भुईत नारळ पुरून ठेवतात, भोयांच्या खांद्यावरची पालखी झुलत झुलत जाते आणि नेमकी त्या जागी वाकते. मालननं एका भर दुपारी, हरिश्चंद्र विहिरीवर असताना, स्लॅबखालच्या पोर्चात भराव मऊ दिसला तिथं विळ्यानं उकरलं आणि नारळ ठेवला.

"आई," ती म्हणाली, "तू माज्या दारात येस्तवर ही जागा इकली जाव देव नको. आलीस की ही खूण तूच काढ."

आणि तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. आपण मागितलं की देवीला ऐकू गेलं, मग माणसांना कशाला सांगायचं, असा तिचा साधा हिशेब. पण पालखी काय स्वतःच्या पायांनी येते? शिमगा आला, पालखी जनीच्या अंगणातून वळली. लिलाव पुढं गेला. पुन्हा शिमगा आला, पालखी पुन्हा वळली. लिलाव पुन्हा पुढं गेला. कीर्तनात एखादे बुवा पूर्वरंगातच रमतात, आख्यान काही लावत नाहीत, श्रोत्यांची पोरं मांडीवर झोपून जातात, तसं होऊन बसलं.

नवी नोटीस लागली त्याच दुपारी एसटीनं कमलाबाई आल्या.

कमलाबाई रत्नागिरीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. एकट्या. पुतण्याच्या घरी मागच्या खोलीत राहत. देवळातल्या कीर्तनाला पेटीची साथ करीत त्यांचं आयुष्य गेलं, आणि आयुष्यभराची पुंजी त्यांनी तिसऱ्या ओळीतल्या कडेच्या बंगल्यात घातली. प्रत्येक तारखेला त्या यायच्या, छत्री टेकत टेकत थेट आपल्या पोर्चात जायच्या, वर्तमानपत्र पसरून बसायच्या. नेमक्या त्याच जागी बसायच्या. पहिल्यांदा त्यांना तिथं बसलेलं बघून मालन पोर्चाबाहेरच थबकली होती. कुणाच्या घरात आपण नवस पुरला हे तिला तेव्हा कळलं.

मालननं तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि पाण्याचा तांब्या नेला.

"परत तारीख ना?" बाई म्हणाल्या.

"परत, बाई."

"मला वाटलंच. पुतण्या म्हणाला, काकू, कशाला हेलपाटा घालता. म्हटलं, माझं घर आहे, बघून तरी येते." त्यांनी तांब्याला हात घातला. हात तांब्याच्या बाजूनं गेला आणि वाऱ्यात मिटला. मालननं तांब्या पुढं सरकवला.

"डोळ्यांना काय झालं, बाई?"

"मोतीबिंदू. पिकलाय म्हणतात. करायचाय, पण म्हटलं एकदा हे मार्गी लागू दे. पेटीचं पण तसंच. उंदरांनी भाता कुरतडला. नव्या घरी गेल्यावर दुरुस्त करू म्हणून खाटेखाली सरकवून ठेवली. सगळंच असं ठेवलंय गं. खरं सांगू? आता घर नको, पुरते पैसेही नकोत. कुणीतरी येऊन म्हणावं, बाई, संपलं. इतकं मिळालं, जा घरी. माणूस रडतं, तोंड धुतं आणि कामाला लागतं. पण हे ताटकळत बसणं..." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पिठी छान झालीय. लसूण जास्त घातलास ना?"

"व्हय."

बाईंच्या चपला जिथं काढलेल्या होत्या तिथं मालन बघत राहिली. हातभर खाली नारळ होता.

संध्याकाळी दोघं कलमांना पाणी घालत होती. हरिश्चंद्र विहिरीतून ओढायचा, मालन कळशीनं न्यायची. कातळ फोडून लावलेली ती कलमं. कंपनी बुडाली तेव्हा गुडघाभर होती, आता ह्या दोघांच्या पाण्यावर मोहरली होती. मालननं कळशी विहिरीच्या काठावर टेकवली ती उचललीच नाही.

"काय गो? दमलीस?"

तिनं सगळं सांगितलं. हरिश्चंद्र दोर हातात धरून ऐकत राहिला. बादली अर्ध्यात लोंबकळत होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"अगो, कोर्टाची कामं तुज्या नारळानं अडतील व्हय?"

"अडली ना पन."

"अडली ती मोजनीनं नि कागदानं."

"मोजनी पन कुनीतरी अडवायलाच लागते," मालन म्हणाली.

हरिश्चंद्रानं बादली वर ओढली, कळशीत ओतली. मग म्हणाला, "जागा इकली गेली की आपन कुठं, ह्याचा इचार केलास?"

"केला. पन त्या बाईंना तांब्या दिसत नाय हो समोरचा. मी माज्या दाराचं बघत बसलंय, नि त्या म्हातारीची नजर चाललीय."

"मंग काढ नि टाक तो नारळ."

"मी कशी काढू? देवीची खूण हाय. तिची तिनंच काढायची."

हरिश्चंद्रानं डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं. कलमांकडं एकदा बघितलं. "चल," तो म्हणाला. "उद्या मानकऱ्यांकडं जाव."

गंगाराम मानकरी ओटीवर ढोलाची दोरी ताणत बसले होते. पाय ढोलाला लावलेले, दात आवळलेले. जनी त्यांच्याच भावकीतली, ती बाजूला चिंच फोडत होती. मालन पायरीवर बसली आणि मान खाली घालून बोलली. बोलताना पदराचं टोक इतकं पिळलं की त्याची वळकटी झाली. गंगारामांचे हात थांबले.

"कुनाला इचारून पुरलीस खूण?"

"कुनाला नाय."

"खूण पुरायची तर मानकऱ्यांच्या कानावर घालायची असते, ठावं नाय तुला? आमी दोन शिमगं देवी नाचवतोय, देवळात नेऊन बसवतोय, नि हितं एका बायनं तिला भुईत गुतवून ठेवलीय!"

"चुकलं माजं."

"चुकलं म्हंजे? मागल्या साली पालखी तुज्या गडग्याशी किती जड झाली होती. माजा खांदा हप्ताभर सुजला. मी म्हटलं, वय झालं."

जनी हसायला लागली. "वयच झालंय तुमचं, भावोजी. नारळाला नावं ठेवू नका."

"तू चिंच फोड." गंगाराम पुन्हा दोरी ओढू लागले. मालनला वाटलं, उठावं. मग ते ढोलाकडंच बघत म्हणाले, "चूल हाय ना गो तुमच्यात?"

"हाय."

"कदीपासून पेटतेय?"

"आलो त्या दिसापासून."

"जने, चूल पेटते त्या घरात पालखी जाते ना? का गेट बघून जाते?"

"चूल बघून जाते," जनी म्हणाली.

"मंग चूक एकट्या हिची नाय." त्यांनी दोरीला गाठ मारली आणि थापटून बघितली. "आपली वस्तू हिच्याकडं ठेवून देवी देवळात कशी बसंल? यायलाच लागंल तिला. अंगन सारवून ठेव."

मालन उठली ती घरी कशी पोचली तिला सांगता आलं नसतं. वाटेत ती दोनदा थांबली आणि कुणी नाही असं बघून रडली.

राहिली परवानगी. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. हरिश्चंद्रानं श्रुती मॅडमना फोन लावला, आणि फोनवरही तो उभा राहून बोलला.

"किती माणसं असतात पालखीबरोबर?"

"मानसं लय, मॅडम. देव एकच."

"काका, मी साहेबांना विचारते." दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "येऊ द्या. फक्त पहिल्या ओळीतल्या बंगल्यांत कुणी शिरू नका, तिथलं छत पडायला आलंय. आणि काकी काय करणारेत त्या दिवशी?"

"पुरनपोळ्या."

"मग मी पंचनाम्याला येते," मॅडम म्हणाल्या.

मधले दिवस कामात गेले. हरिश्चंद्रानं कोयता घेऊन बंगल्यांच्या ओळींतलं रान मोडलं. करवंदीच्या जाळ्यांनी त्याचे हात कोपरापर्यंत ओरबाडले. खोलीपुढं कंपनीनं सिमेंटच्या विटा बसवलेल्या. त्यावर शेण धरेना. मालननं विहिरीकडची लाल माती पाट्या पाट्या आणून पसरली, चोपण्यानं चोपली, जनीच्या गोठ्यातलं शेण आणून सारवली. पहिल्या दिवशी ती जमीन उन्हानं फुटली. तिनं पुन्हा सारवली. दुसऱ्या दिवशीही केसासारख्या भेगा गेल्या. तिसऱ्यांदा जनीनं पदर खोचला आणि तीही बसली. ह्या वेळी जमीन धरली. कमलाबाईंना तिनं फोन केला. म्हणाली, "बाई, तुमच्या घरात देवी यायचीय. तुमी हव्यात." नारळाचं मात्र फोनवर सांगितलं नाही. ते तोंडानं सांगायचं होतं.

आणि पालखीच्या दिवशी बाई आल्यावर, पोर्चात त्यांच्या शेजारी बसून, तिनं ते सांगितलं. कमलाबाईंनी वर्तमानपत्राखालची जमीन हातानं चाचपली.

"इथं?"

"हितंच."

"आणि मी इतके दिवस देवीच्या डोक्यावर बसत होते?" बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "अगं वेडे, माझ्या घरात कुणीतरी काहीतरी जपून ठेवलं होतं म्हणायचं. मी समजत होते, हे घर ओस आहे."

दुपार कलताना ढोल वाजला. जनीच्या अंगणातून पालखी निघाली आणि ह्या वेळी गडग्यापाशी वळली नाही. हरिश्चंद्रानं गेटाची दोन्ही दारं उघडली. एरवी तो एकच उघडायचा. निशाण आत आलं, अबदागीर आली, आणि भोयांच्या खांद्यावर चांदीच्या मुखवट्यांची वाघजाई सारवलेल्या तुकड्यावर येऊन पाटावर बसली.

मालन ताट घेऊन पाटापुढं आली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं तिनं पुन्हा एकदा बघून घेतलं. जनी मागून म्हणाली, "भर, भर. आज मी मागं उभी हाय." मालननं ओटी भरली. मनात मागायचं काही राहिलंच नव्हतं. ती नुसती बघत राहिली, आणि देवी तिच्या दारातून तिच्याकडं बघत राहिली.

गंगारामांनी गाऱ्हाणं घातलं.

"हे बा वाघजाय माते, ह्या लेकीनं तुजी सेवा केलीय, ती मान्य करून घे!"

"होय म्हाराजा!"

"ही जी कंपनी होती, तिचं काय चुकलंमाकलं आसंल, ते पोटात घाल!"

"होय म्हाराजा!"

"ह्या जाग्यात ज्याचं ज्याचं गुतलंय, त्याचं त्याला सोडवून दे! इकणाऱ्या सायबांना इकायची बुद्धी दे, नि घेनाऱ्याला घ्यायची!"

"होय म्हाराजा!" ह्या खेपेला श्रुती मॅडमचा आवाज सगळ्यांत वर होता, आणि माणसं वळून हसली.

मग पालखी उठली. ढोलाचा ठेका बदलला. खूण कुठं आहे ते भोयांना सांगितलेलं नव्हतं. पालखी आधी विहिरीकडं गेली, तिथं डुलली. कलमांमधून फिरली. पहिल्या ओळीकडं झुकली तसा हरिश्चंद्र आडवा आला. "थितं नको, छत पडंल." पालखी दुसऱ्या ओळीत गेली, एका जोत्याशी थांबली, वाकली. मालननं जनीचा हात धरला. कुणीतरी पहार आणली, उकरलं. काही नव्हतं. "मालने, आठवतंय ना धड?" कुणीतरी चिमटा काढला. गंगारामांनी हात वर केला, ढोल पुन्हा सुरू झाला.

पालखी मागंपुढं झाली, एकाएकी वळली आणि तिसऱ्या ओळीतून धावतच निघाली. कमलाबाईंना अंधूक दिसत होतं, पण ढोल जवळ येतोय हे कळलं तशा त्या छत्री धरून उठल्या आणि भिंतीला सरकल्या. पालखी पोर्चाच्या स्लॅबखाली शिरली. जाग्यावर फिरली आणि पुढचा दांडा वर्तमानपत्राला टेकला.

हरिश्चंद्रानं पहार घेतली. वीतभर गेलं, काही लागेना. हातभर गेलं. मालनच्या मनात आलं, उंदरांनी नेला असेल. नाहीतर कुजून मातीच झाली असेल. मग पहारीखाली वेगळा आवाज आला. हरिश्चंद्र गुडघ्यावर बसला, हातांनी माती काढू लागला आणि नारळ वर आला. मातीनं लाल झालेला, शेंडी झडलेला, पण अख्खा. स्लॅबखाली पावसाचं पाणी त्याला लागलंच नव्हतं.

गंगारामांनी तो मालनच्या कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. पाणी आटून गोटा झाला होता.

"ऐक," ते म्हणाले. "आत हाय."

नारळ तिथंच पोर्चाच्या पायरीवर फोडला. खोबरं खवट नव्हतं. पहिला तुकडा देवीपुढं ठेवला आणि दुसरा गंगारामांनी कमलाबाईंच्या हातात दिला, कारण घर त्यांचं. बाईंनी तो तोंडात टाकला, सावकाश चावला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

लिलाव चैत्रात झाला. नेमलेल्या तारखेला, काही आडवं न येता. श्रुती मॅडमनी नेहमीप्रमाणं पेजेनं नोटीस चिकटवली आणि ती काढायला त्याच आल्या. पावसकडच्या एका बागायतदारानं सगळा सडा घेतला. त्याला बंगले नको होते, मोहरलेली कलमं हवी होती. कमलाबाईंना घातलं होतं त्याच्यापेक्षा बरंच कमी आलं. त्यांनी ते घेतलं, एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, भाता बदलला आणि वाघजाईच्या देवळात वैशाखी पुनवेला बुवांच्या मागं साथीला बसल्या. उत्तररंगात बुवांनी आख्यानाला हात घातला, पेटी भरून वाजू लागली, आणि खांबाला टेकून बसलेल्या मालनला वाटलं, देवा, इतकं कशाला दिलंस?

बागायतदाराकडं त्याची स्वतःची राखणीची माणसं होती. त्यानं गोड बोलून सांगितलं, पाऊस लागायच्या आत खोली मोकळी करा. हरिश्चंद्राला त्यानं आंबे उतरवायच्या दिवसांत कामाला बोलावलं, "कलमं तुमीच वाढवलीत" म्हणाला. बाकी काय होईल ते अजून ठरायचं होतं. जनीनं आपली पडवी झाडून ठेवली होती.

निघायच्या दिवशी हरिश्चंद्रानं बिछाना आणि ट्रंक नेली. मालननं चूल विझवली, निवू दिली आणि तिन्ही चिरे एकेक करून खाली न्यायला लागली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काळवंडलेला चिरा. शेवटच्या खेपेला मानेत कळ आली म्हणून ती गडग्याला टेकली. गंगाराम खांद्यावर पंचा टाकून वरच्या वाटेनं येत होते.

"चूल कुठं चालली गो?"

"जनीच्या पडवीत."

गंगारामांनी मनाशी काहीतरी जुळवलं. एका हाताच्या बोटांवर घरं मोजली.

"मंग पुढच्या साली पयली जनीची वटी, मागनं तुजी," ते म्हणाले. "पन जाग्यावर राहा हां बाय. भुईत काय पुरू नको. चूल पेटती दिसली की आमी येताव."

मालननं डोक्यावरचा चिरा सावरला. हात जोडायला तिचे हात मोकळे नव्हते.